दोन मुलींच्या साक्षी
इंग्लंडमधील लँकॅस्टर येथे ऑगस्ट १६१२ मध्ये चाललेल्या चेटूक-खटल्यांचा वृत्तांत न्यायालयाचा लेखनिक टॉमस पॉट्स याने १६१३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केला. छपाईपूर्वी न्यायाधीश ब्रॉमली यांनी तो तपासून दिला होता. त्यात सुमारे नऊ वर्षांची जेनेट डिव्हाइस आपल्या आईला कुत्र्याच्या रूपातील पिशाच्च वश असल्याचे सांगते. ती साक्ष ग्राह्य ठरते व आई फाशी जाते. चौदा वर्षांच्या ग्रेस सोअरबट्सची तितकीच अद्भुत साक्ष मात्र कॅथलिक धर्मगुरूने पढविलेली म्हणून फेटाळली जाते व तिघी आरोपी स्त्रिया सुटतात. पहिलीची जबानी दंडाधिकाऱ्याने घेतली होती. दुसरीचा बोलविता धनी प्रतिपक्षी पंथाचा ठरला. येथे कसोटी संभवनीयतेपेक्षा साक्षीमागील सत्तेची अधिक आहे. म्हणूनच असा वृत्तांत घटनेची नोंद मानण्यापूर्वी न्यायासनाचे आत्मसमर्थन म्हणून वाचावा लागतो.