आधी उतरवून घ्या, मग घासा

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की काही दिवसांत त्या घरातली एखादी सीडी माझ्या टेबलावर येते. मी जालन्यात लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. अलीकडे जुन्या कॅसेटी आणि सीड्या पेनड्राइव्हवर उतरवून देण्याचं कामच जास्त असतं. अंबड, परतूर, मंठा, घनसावंगी, भोकरदन, सगळीकडून माणसं येतात. कुणाकडे लग्नाची सीडी असते, कुणाकडे गावच्या सप्त्यातल्या कीर्तनाची, कुणाकडे शाळेच्या स्नेहसंमेलनाची. "सीडी लागत नाही," एवढंच आधी सांगतात. खरं दुखणं पुढच्या वाक्यात कळतं: "घरी घासून बघितली, दादा."

मला बोलायचं आहे ते या घासण्याबद्दल. माझ्या हातून ज्या डिस्का सुटल्या, ज्यांतून काहीच निघालं नाही, त्यांतल्या बऱ्याच मूळच्या बिघाडाने गेलेल्या नव्हत्या. त्या उपायांनी गेल्या होत्या.

अंबडकडचे दोन भाऊ एकदा बहिणीच्या लग्नाची सीडी घेऊन आले. आई नुकतीच गेलेली. चालती-बोलती आई तेवढ्या एकाच सीडीत होती. घरच्या प्लेअरवर 'नो डिस्क' येत होतं, म्हणून कुणीतरी सांगितल्याप्रमाणे त्यांनी टूथपेस्ट लावून टॉवेलने गोल गोल घासली. तरी लागेना. मग उलटी करून वरचं, नवरा-नवरीचा फोटो असलेलं स्टिकर सोललं आणि चिकटा घालवायला भांड्यांच्या घासणीने तीही बाजू घासली. मी ती ट्यूबलाइटसमोर धरली तर काठाकडच्या भागातून पलीकडची भिंत दिसत होती. स्टिकरबरोबर चंदेरी थर निघून आला होता. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे हळद आणि सीमांतपूजन निघालं. डिस्क काठोकाठ भरलेली होती आणि पाठवणी अगदी कडेला होती. ती गेली. नंतर त्यांचा प्लेअर मागवून त्यात चांगली सीडी लावून पाहिली, तर तीही लागेना. प्लेअरच्या लेन्सवर धूळ बसली होती. त्या सीडीला मुळात काहीच झालेलं नव्हतं.

रेकॉर्डिंग असतं कुठे?

सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची चकती. आपण खालची चकाकणारी बाजू जपतो आणि वरची छापील बाजू सुरक्षित समजतो, पण आहे ते नेमकं उलट. चंदेरी थर प्लास्टिकच्या वरच्या अंगाला, छपाईच्या लगेच खाली असतो. त्याच्यावर फक्त लाखेचा पातळ लेप असतो. लेझरचा किरण खालून सगळं प्लास्टिक पार करून त्या थरापर्यंत जातो. म्हणजे खालचा ओरखडा हा फोटोफ्रेमच्या काचेवरचा ओरखडा, आणि वरचा ओरखडा थेट फोटोवरचा. काच पॉलिश करता येते, फाटलेला फोटो परत येत नाही. सीडीच्या छापील बाजूला खरवड असेल, चंदेरी थर उडाला असेल, तर तेवढ्या जागेवर जगातला कुठलाच उपाय चालत नाही.

डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि रेकॉर्डिंग त्यांच्या मधोमध असतं. म्हणून ती वरून जास्त मार खाते, पण वाकवली तर सांधा सुटतो. ब्लू-रेचं रेकॉर्डिंग खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतं. तिला टूथपेस्टचं बोटसुद्धा लावू नका.

गोल गोल घासायचं नाही, यालाही कारण आहे. रेकॉर्डिंगची वाट मध्यापासून काठाकडे गोल गोल जाते. सीडीवर माहिती अशी विखरून लिहिलेली असते की सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही तरी प्लेअर शेजारच्या माहितीवरून तो भरून काढतो. आडवा, मध्यापासून काठाकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्याला क्षणभरच आडवा येतो आणि निभावून जातो. गोल ओरखडा मात्र वाटेवरूनच लांबवर चालतो. फडक्यात धुळीचा एक कण अडकला आणि तुम्ही गोल घासलं, की हा दुसऱ्या जातीचा ओरखडा तुम्ही स्वतःच पाडलात. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २००३ साली डिस्क जपण्याची पुस्तिका काढली, तिच्यातही हेच सांगितलं आहे: मऊ सुती कापडाने, मध्यापासून काठाकडे सरळ पुसा.

कानावर येणारे उपाय

टूथपेस्ट खोटी नाही. पांढऱ्या पेस्टमधली बारीक पावडर ओरखड्याच्या कडा झिजवते, त्यामुळे किरण कमी विखुरतो. पण हे प्लास्टिक तासणं आहे. हात चुकला की सगळी डिस्क धुरकट होते. केळं आणि त्याची साल यांनी चिकटपणाच उरतो. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल ओरखड्यात भरतं आणि एखाद्या वेळी डिस्क लागतेही. पण प्लेअरमध्ये ती वेगाने फिरते, तेल उडून लेन्सवर बसलं की प्लेअरही गेला. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी प्लास्टिक पांढरं पडतं, त्यात बारीक तडे जातात. फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढली की आमच्या पावसाळी हवेत तिच्यावर दव धरतं, बाकी काही होत नाही. हेअर ड्रायरने किंवा मे महिन्याच्या उन्हात वाळवली तर ती वाकते. मध्याजवळ तडा गेलेली डिस्क चिकटपट्टी लावून कॉम्प्युटरमध्ये घालू नका. वेगवान ड्राइव्ह मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेतो, डिस्क आतच फुटते.

काही डिस्कांवर ओरखडाच नसतो, तरी त्या लागत नाहीत. हँडीकॅममधली ८ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी शूटिंगनंतर 'फायनलाइज' केली नसेल, तर दुसऱ्या प्लेअरला ती कोरीच दिसते. तो कॅमेरा किंवा त्याच कंपनीचा दुसरा मिळवा, त्यात घालून फायनलाइज करा. घरी राइट केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने फिका पडतो. पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेत आमच्याकडचे उन्हाळे काढलेली सीडी वरून नवी दिसते आणि आतून गेलेली असते. या दोन्हींना घासून काय मिळणार?

मग करायचं काय?

पहिल्यांदा प्लेअर तपासा. दुसरी चांगली सीडी लावून पाहा. तीही लागत नसेल तर दोष लेन्सचा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए म्हणून जे अल्कोहोल असतं, ते कापसाच्या काडीवर अगदी थोडं घेऊन लेन्स हलक्या हाताने पुसून घ्या. स्वतःला जमत नसेल तर त्यांच्याकडूनच करून घ्या.

दुसरं, डिस्क उजेडासमोर धरा. आरपार ठिपके किंवा पट्टे दिसले तर वरच्या बाजूला हातही लावू नका. स्टिकर निघत असेल तर निघू द्या, ओढू नका.

तिसरं, धुवा. खालची बाजू साध्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरून आधी धूळ जाऊ द्या. बोटांचे तेलकट डाग असतील तर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटानेच, मध्यापासून काठाकडे फिरवा. शेवटचं पाणी मात्र जारचं किंवा फिल्टरचं घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पांढरे डाग ठेवतात, आणि ते डाग खरवडताना नवे ओरखडे पडतात. सावलीत उभी ठेवून वाळवा. माझ्याकडच्या कितीतरी डिस्का एवढ्यावरच लागल्या आहेत.

चौथं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं: डिस्क एकदा जरी लागली, तरी बघत बसू नका. ताबडतोब उतरवून घ्या. टीव्हीच्या प्लेअरवर लागत नसेल तर कॉम्प्युटरच्या डीव्हीडी राइटरमध्ये लावा. एकावर लागली नाही तर दुसऱ्या कंपनीच्या राइटरवर लागते, हे मी रोज पाहतो. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीवर चालणारा बाहेरचा मिळतो. जुन्या लग्नाच्या सीड्यांत 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर आणि त्यात 'डीएटी' फाइल असते. व्हिडिओ सीडीत चित्राला दुरुस्तीची जादा माहिती दिलेली नसते, म्हणून साधं कॉपी-पेस्ट ओरखड्यावर येऊन थांबतं. त्यासाठी आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम वापरा, तो वाईट जागा सोडून पुढे जातो. डेटाच्या सीडीला आणि डीव्हीडीला डीडीरेस्क्यू हा फुकट प्रोग्रॅम चांगला. तो सोपा भाग आधी उचलतो, अवघड जागी नंतर पुन्हा पुन्हा जातो. एका ड्राइव्हवर राहिलेला भाग दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालू करता येतो.

इतकं करूनही खालच्या ओरखड्यामुळे तुकडा राहिलाच, तर मग घासा. पॉलिश करण्याचं मशीन असलेलं कुणी सापडलं तर तिथे न्या. नाहीच सापडलं तर जेल नसलेली पांढरी पेस्ट, चष्म्याचं मऊ कापड, फक्त त्या ओरखड्यापुरतं, मध्यापासून काठाकडे. धुवा, वाळवा, पुन्हा उतरवून पाहा. तोपर्यंत जे मिळायचं ते हाती आलेलं असतं, म्हणून ही जोखीम घेता येते. कापडाआधी कॉपी, हा क्रम मोडू नका.

हे एवढं कळकळीने सांगतो, कारण या डिस्कांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नाही. त्या काळात टेप महाग होती, एका लग्नाची टेप पुढच्या लग्नाला वापरली जायची. शूटिंगवाल्याकडे मूळ असेल या भरवशावर राहू नका. ज्यांच्या सीड्या आज व्यवस्थित लागतात, त्यांनीच खरं तर घाई करायला हवी, कारण त्यांचं काम आज अर्ध्या तासाचं आहे.

उतरवलेली फाइल एका पेनड्राइव्हवर ठेवून निर्धास्त होऊ नका. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. वर्षातून एकदा दोन्ही लावून पाहा. मूळ डिस्क फेकू नका, प्लास्टिकच्या डबीत उभी ठेवा, लोखंडी ट्रंकेऐवजी घरातल्या थंड, अंधाऱ्या कपाटात. आणि फाइल पहिल्यांदा लावाल तेव्हा घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला शेजारी बसवा. मांडवात कोण कोण दिसतं, कोण कुणाचं, गाव कोणतं, ते विचारून वहीत लिहून घ्या. चित्र मी काढून देऊ शकतो, नावं तुमच्याच घरात आहेत, आणि ती सांगणारी माणसं आज आहेत.