मालकाची निवृत्ती आणि कर्मचाऱ्यांकडे उद्योगाचे हस्तांतरण

उद्दिष्ट

या पाठाच्या अध्ययनानंतर, मालक निवृत्त होताना उद्योग कर्मचाऱ्यांच्या मालकीचा कसा होऊ शकतो व त्यातील मुख्य जोखीम कोणती, हे आपणास स्पष्ट करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, जालना जिल्हा बियाणे आणि पोलाद उद्योगांसाठी ओळखला जातो. अशा उद्योगांत कौटुंबिक मालकी सर्रास आढळते. संस्थापक वृद्ध झाला आणि मुले अन्य व्यवसायांत स्थिरावली, की उद्योग बंद करावा की परक्यास विकावा, असा प्रश्न उभा राहतो. तिसरा पर्याय म्हणजे तेथेच राबणाऱ्या कर्मचाऱ्यांना तो विकणे. परंतु खरेदीचा पैसा त्यांनी आणावा कोठून?

विवेचन

मुंबईतील कुर्ला येथील कमानी ट्यूब्ज हा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. कामगार संघटनेने तो चालविण्याची योजना मांडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ मध्ये योजनेस मान्यता मिळाली. कामगारांनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन भाग विकत घेतले, वेतनकपातही स्वीकारली. आरंभीची काही वर्षे कारखाना चालला; पुढे मात्र तो टिकला नाही. अशा वेळी कामगाराची नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी दोन्ही एकाच वेळी धोक्यात येतात.

याउलट, अमेरिकेत १९५६ मध्ये लुई केल्सो यांनी पेनिन्सुला न्यूजपेपर्स या वृत्तपत्रसंस्थेसाठी निराळी रचना केली. निवृत्त होणाऱ्या मालकांचे भाग कर्मचाऱ्यांच्या न्यासाने कर्ज काढून घेतले; कर्जाची फेड व्यवसायाच्या पुढील नफ्यातून व्हावयाची होती. कर्मचाऱ्यांच्या बचतीस हात लावावा लागला नाही.

भारतातही कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ६७ नुसार, विशेष ठरावाने मंजूर झालेल्या योजनेखाली, कर्मचाऱ्यांसाठी विश्वस्तांमार्फत होणाऱ्या भागखरेदीस कंपनी विहित मर्यादेत अर्थसाहाय्य करू शकते. सहकारी संस्था हा दुसरा मार्ग होय. कॉफी बोर्डाने कॉफीगृहे बंद करण्याचे ठरविल्यावर १९५७ पासून तेथील कामगारांनी सहकारी संस्था स्थापन केल्या. इंडियन कॉफी हाउस आजही चालू आहे. कॉफीगृहास भांडवल थोडे लागते व रोकड रोज येते. पोलाद कारखान्यास भट्टी, वीज आणि कच्चा माल यांसाठी मोठे खेळते भांडवल लागते. म्हणून व्यवसायाचे स्वरूप पाहूनच मार्ग निवडावा.

सारांश

उद्योग सुस्थितीत असतानाच हस्तांतरण सुरू करावे, किंमत भावी नफ्यातून हप्त्यांनी फेडावी आणि तोवर मालकाने हिशेब व बाजारपेठेचे ज्ञान कर्मचाऱ्यांना द्यावे. बुडत्या कारखान्याची मालकी म्हणजे त्याच्या कर्जाचीच मालकी.

स्वयं-अध्ययन प्रश्न

जालन्यातील एका लोखंडी सळयांच्या कारखान्याचा मालक साठ कामगारांना म्हणतो, ‘निर्वाह निधी काढा आणि कारखाना घ्या.’ कामगारांनी होकार देण्यापूर्वी कोणती कागदपत्रे तपासावीत व कोणती अट घालावी? सकारण लिहा.