स्वदोषाने आलेला मानभंग

मनुष्य धनहानी सोसतो, शरीरपीडाही सोसतो; परंतु चारचौघांत झालेला मानभंग त्याला सोसवत नाही. त्यातही जो मानभंग दुसऱ्याच्या द्वेषाने नव्हे, तर स्वतःच्याच दोषाने ओढवतो, त्याचा दाह विशेष असतो. निरपराध मनुष्याला सत्य आपल्या बाजूला असल्याचा आधार असतो. दोषी मनुष्याजवळ तोही उरत नाही. अशा मनुष्याने पुढे कसे जगावे, हा या पाठाचा विषय होय.

या बाबतीत गीतेत वरवर पाहता परस्परविरुद्ध वाटणारे दोन उपदेश आढळतात. दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला समजावतात की, प्रतिष्ठित पुरुषाची अपकीर्ती त्याला मृत्यूपेक्षाही जड जाते. बाराव्या अध्यायात मात्र, निंदेने खचत नाही व स्तुतीने फुगत नाही अशा भक्ताची ते प्रशंसा करतात. मग अपकीर्तीला भ्यावे, की तिच्याविषयी उदासीन असावे? या शंकेचे समाधान केवळ शब्दांच्या अर्थाने होणार नाही. एखाद्या प्रत्यक्ष जीवनात ती घालून पाहिली पाहिजे. त्यासाठी दूरदेशच्या एका वृत्तनिवेदकाचे उदाहरण उपयोगी पडेल.

अमेरिकेत एनबीसी नावाची दूरचित्रवाणी संस्था आहे. तिच्या सायंकाळच्या मुख्य वार्तापत्राचे निवेदक म्हणून ब्रायन विल्यम्स हे २ डिसेंबर २००४ पासून काम पाहू लागले. दहा वर्षे हे आसन त्यांच्याकडे होते. त्या देशात अशा निवेदकाला केवळ बातम्या वाचून दाखवणारा मानत नाहीत. तो सांगतो ते खरे, असा लक्षावधी कुटुंबांचा भरवसा असतो. सत्यवचन हाच त्याचा व्यवसाय आणि हेच त्याचे भांडवल.

मार्च २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी विल्यम्स वार्ताहर म्हणून सैन्याच्या एका हेलिकॉप्टरमधून गेले होते. त्यांच्या पुढे गेलेल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरवर शत्रूचा मारा झाला. विल्यम्स बसले होते त्यावर झाला नाही. त्या वेळी दिलेल्या वृत्तात मारा झालेले हेलिकॉप्टर पुढचे होते असेच त्यांनी सांगितले होते. परंतु पुढे हा प्रसंग पुन्हापुन्हा सांगताना त्यातील अंतर कमी होत गेले. २०१३ साली रात्रीच्या एका करमणुकीच्या कार्यक्रमात त्यांनी आपल्याच हेलिकॉप्टरवर मारा झाल्याचे सांगितले. ३० जानेवारी २०१५ रोजी तर खुद्द वार्तापत्रातच ते तसे बोलून गेले. त्या मोहिमेतील सैनिकांनी ते ऐकले आणि जाहीर आक्षेप घेतला. सैन्याविषयीच्या एका वृत्तपत्रानेही चौकशी करून तो प्रसिद्ध केला.

४ फेब्रुवारी रोजी विल्यम्स यांनी वार्तापत्रात क्षमा मागितली. परंतु बारा वर्षांपूर्वीच्या घटना आठवताना आपली चूक झाली, असे त्या क्षमायाचनेचे स्वरूप होते. तिने सैनिकांचे समाधान झाले नाही आणि लोकांचेही झाले नाही. १० फेब्रुवारी रोजी संस्थेने त्यांना सहा महिने विनावेतन निलंबित केले. जूनमध्ये त्यांच्या आसनावर लेस्टर होल्ट यांची कायम नेमणूक जाहीर झाली. ज्यांच्या मुखातून देश बातमी ऐकत होता, ते स्वतःच बातमीचा आणि विनोदाचा विषय झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संस्थेने केलेल्या अंतर्गत चौकशीचा निष्कर्ष असा होता की, विल्यम्स यांची अयथार्थ विधाने बहुतांशी वार्तापत्रातील नव्हती. ती रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांतून व जाहीर समारंभांतून केलेली होती, आणि तीही मूळ घटनेनंतर बहुधा कित्येक वर्षांनी. म्हणजे कर्तव्य करीत असता हे पुरुष बहुधा सावध होते. घसरले ते कौतुकाच्या बैठकीत. तेथे कोणी साक्ष काढीत नव्हते, ऐकणारे खूश होते, आणि प्रत्येक वेळी गोष्ट थोडी अधिक रंगवली तर टाळी थोडी अधिक मोठी पडत होती. हे असत्य द्रव्यासाठी नव्हते, मानासाठी होते. सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे सांगताना प्रियतेबरोबर सत्यही आवश्यक मानले आहे, त्याचे मर्म येथे कळते. प्रिय बोलण्याची हाव सुटली की सत्य हळूच बाजूला सरते, आणि बोलणाऱ्याला ते सरल्याचे कळतही नाही.

आता मानभंगानंतरच्या जीवनाकडे वळावे. जून २०१५ मध्ये विल्यम्स यांनी आपल्याच संस्थेच्या सकाळच्या कार्यक्रमात मुलाखत दिली. या वेळी त्यांनी केवळ स्मृतीवर बोट ठेवले नाही. आपण खरे नसलेले बोललो, आणि इतरांहून अधिक चतुर दिसावे व घटनेच्या अधिक जवळ असल्याचे भासवावे असे ज्याने वाटायला लावले तो आपला अहंकारच असला पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. फेब्रुवारीतील क्षमायाचना आणि जूनमधील कबुली यांत महिन्यांचे अंतर थोडे आहे. परंतु 'विसरलो' आणि 'फुगलो' या दोन शब्दांत फार मोठे अंतर आहे. पहिला शब्द दोष बुद्धीच्या दुर्बलतेवर टाकतो. दुसरा तो स्वतःवर घेतो.

त्यानंतर त्यांना पूर्वीचे आसन मिळाले नाही. त्याच संस्थेच्या एमएसएनबीसी या लहान वृत्तवाहिनीवर ताज्या घडामोडी सांगण्याचे काम त्यांना देण्यात आले. सप्टेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस अमेरिकेत आले, त्या वेळच्या वृत्तांतापासून ते पुन्हा पडद्यावर दिसू लागले. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये रात्री अकरा वाजताचा एक कार्यक्रम त्यांच्याकडे आला. आरंभी तो निवडणुकीच्या काळापुरता योजलेला होता. परंतु तो टिकला, आणि डिसेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, त्यांनी तो चालवला. मग अठ्ठावीस वर्षांची सेवा संपवून ते त्या संस्थेतून स्वेच्छेने बाहेर पडले.

शंका — ही कबुली नवे काम मिळवण्यासाठीच दिली नसेल कशावरून?

समाधान — दुसऱ्याच्या अंतःकरणाचा निवाडा बाहेरून करता येत नाही, आणि तो करण्याचा अधिकारही कोणाला नाही. ज्यांनी ती मुलाखत घेतली, ते प्रश्नकर्तेही पुढे २०१७ साली आपल्या गैरवर्तनामुळे त्याच संस्थेतून बडतर्फ झाले. न्यायासनावर बसलेल्याचे आसनही किती अस्थिर असते, याचा हा दाखला होय. कबुलीची पारख शब्दांनी होत नाही. नंतरच्या आचरणाने होते. लहान पडद्यावर, उशिराच्या वेळी, वर्षानुवर्षे रोजचे काम करणे हे आचरण डोळ्यांना दिसणारे आहे. त्यापलीकडचा हिशेब ज्याचा त्याने पाहावा.

शंका — प्रसिद्ध मनुष्याला दुसरे काम मिळते. हिशेबात गफलत झाल्यामुळे काढून टाकलेल्या कारकुनाला कोण विचारतो?

समाधान — ही शंका खरी आहे आणि ती झाकू नये. जग मोठ्याला जेवढी सवलत देते तेवढी लहानाला देत नाही. म्हणून पुनर्नियुक्ती हे या उदाहरणाचे सार मानू नये. ते फळ आहे, आणि फळावर कोणाचा अधिकार नाही. सार एवढेच की, दोषाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणे हे कारकुनाच्याही हातात आहे, आणि मिळेल ते प्रामाणिक काम मन लावून करणे हेही त्याच्याच हातात आहे. सहाव्या अध्यायात आपला उद्धार आपणच करावा असे जे सांगितले आहे, त्यासाठी प्रसिद्धीची अट घातलेली नाही. आणि नवव्या अध्यायात तर दुराचारी मनुष्यही योग्य निश्चय करून भगवंताकडे वळला की त्याला साधूच समजावे, असे आश्वासन आहे. तेथे पाहिला जातो तो त्याचा निश्चय, हुद्दा नव्हे.

आता मूळ शंकेकडे यावे. दुसऱ्या अध्यायातील उपदेश अर्जुनाने अजून कर्तव्य सोडलेले नाही, सोडण्याच्या बेतात आहे, अशा वेळचा आहे. कर्म घडण्यापूर्वी अपकीर्तीचे भय हा दारावरचा पहारेकरी होय, तो असावा. परंतु कर्म घडून गेल्यावर तोच पहारेकरी घरात शिरून मालक झाला, तर मनुष्य तोंड लपवतो, खोटी कारणे रचतो, किंवा निराशेने जीवनालाच विटतो. तेव्हा बाराव्या अध्यायातील समत्वाची गरज लागते. मात्र दोष मान्य न करताच 'लोक काय म्हणतात त्याची पर्वा नाही' असे म्हणणे हे समत्व नव्हे. तो निर्लज्जपणा होय. समत्वाच्या दारात शिरण्यापूर्वी कबुलीचा उंबरठा ओलांडावा लागतो.

गृहस्थाने यातून पुढील गोष्टी ध्यानी धराव्यात. पहिली, आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगताना ती मागच्या वेळेपेक्षा मोठी तर होत नाही ना, हे पाहावे. दुसरी, चूक झाल्यास पहिल्याच दिवशी पूर्ण कबूल करावी. अर्धी कबुली दुसरी शिक्षा ओढवून घेते. तिसरी, शिक्षा भोगताना स्वतःला हुतात्मा समजू नये. चौथी, पूर्वीपेक्षा कमी योग्यतेचे काम मिळाले तर त्याला हलके म्हणू नये. पाचवी गोष्ट घरच्यांसाठी आहे. मानभंग झालेला पिता, पती किंवा पुत्र घरी आला असता त्याचा दोष पुन्हापुन्हा उगाळू नये, आणि 'तुमची काहीच चूक नव्हती' असे खोटे समाधानही देऊ नये. त्याच्यासमोर नेहमीचे ताट नेहमीच्या वेळी ठेवावे आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाविषयी त्याला विचारावे.

महाभारतातील युधिष्ठिराचा रथ त्याच्या सत्यनिष्ठेमुळे भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे. द्रोणाचार्यांशी तो एक संदिग्ध वचन बोलला आणि रथ भूमीला टेकला. पुढे त्या कपटामुळे त्याला नरकाचे दर्शनही घ्यावे लागले. तथापि रथ टेकला म्हणून युधिष्ठिराने रथ सोडला नाही. इतरांचे रथ ज्या मातीवरून चालत होते, त्याच मातीवरून त्याने आपला रथ पुढे नेला आणि उरलेले कर्तव्य पार पाडले. स्वदोषाने ज्याचा मान गेला आहे, त्याला एवढेच करावयाचे असते. आणि ते करणे शक्य आहे.