ठिपक्यांतील गणित

दिवाळीत सुरतेतील आपल्या दारोदारी रांगोळी उमटते. हल्ली ती छापाने क्षणात उठते. परंतु ठिपके मोजण्याने लाभणारे शिक्षण त्यात हरपते.

वर्गात मुलांकडून मध्य साधून १, ३, ५, ७, ५, ३, १ अशा ओळींनी ठिपके मांडून घ्यावेत. पहिल्या चार ओळींची बेरीज १६, उरलेल्या तिन्हींची ९, एकूण २५. तीच आकृती तिरकी पाहिली असता चार-चार ठिपक्यांच्या चार रांगा व त्यांच्या पोकळ्यांत तीन-तीनांच्या तीन रांगा दिसतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ज्या श्रेढींचे गणित सांगितले, त्यांचेच हे अंगणातील रूप होय.

एक ठिपका चुकला की रेषा जुळत नाही. तेव्हा मातांनी तो पुसून देऊ नये. मुलासच चूक शोधू द्यावी. गणिताची भीती तेथेच ओसरते.