जुने घर विकण्यापूर्वी : थोड्या खर्चात काय करावे?



कुणाची मळ्यात वस्ती झाली, कुणाचा मुलगा शहरात स्थिरावला, कुणाच्या अंगावर दवाखान्याचं देणं आलं. कारण काहीही असो, गावातलं जुनं घर विकायची वेळ पुष्कळांवर येते. गिऱ्हाईक पडक्या भिंतीवर बोट ठेवतं, भाव पाडतं, आणि गरजेपोटी आपण मान डोलावतो. तसे होऊ नये म्हणून चार गोष्टी येथे देत आहोत.

१) आधी कागद : रंगाच्या डब्याआधी कागदाला हात घाला. तलाठ्याकडचा आठ-अ हा शेतजमिनीचा. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 मध्ये असते. ती करआकारणीची नोंद आहे, तेवढ्यावर मालकी शाबीत होत नाही. गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढा. केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली. तिच्यात ड्रोनने गावठाणे मोजून अशा पत्रिका दिल्या जातात. घरपट्टीची बाकी भरून पावती जवळ ठेवा.

घर वडिलांच्या नावावर असून ते वारले असतील, तर सर्व वारसांची नोंद करून घ्या. वारसांत बहिणी आल्याच. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर लागू आहे. बहिणीला आधी विश्वासात घ्या, तिचा हिस्सा तिला द्या. तिची सही नसेल तर शहाणं गिऱ्हाईक इसार देत नाही, आणि दिलाच तर पुढे कोर्टाची पायरी ठरलेली.

२) माळवद : आपल्या भागातलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या भिंती, कडीपाट आणि वर माळवद. दरवर्षी गळतं म्हणून मातीवर माती टाकत गेलो की वजन वाढत जातं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच जड माळवदांखाली आणि दगडी भिंतींखाली माणसं गाडली गेली. ती भीती गिऱ्हाइकाच्या मनात अजून आहे. म्हणून नवा थर टाकण्याआधी जुनी जादा माती उतरवा. उगवलेली रोपं मुळासकट काढा. पन्हाळीकडे उतार द्या आणि पन्हाळी मोकळ्या करा. हे काम मृगाच्या आत उरका.

३) भिंती आणि लाकूड : पोपडे खरवडा. माती, भुसा आणि शेण चार-आठ दिवस कुजवून गिलावा करा, तो वाळला की चुना द्या. चुना रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावा. त्यात थोडा डिंक घातला तर हाताला लागत नाही. चिमूटभर नीळ घातली की पांढरेपणा खुलतो. तोडणीला गेलेल्यांची घरं सहा-सहा महिने बंद असतात, तिथं वाळवी हमखास. खांबांवरचे मातीचे पट्टे खरवडून लाकूड ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर सुताराला दाखवा.

४) साफसफाई : याला पैसा लागत नाही. अडगळ, मोडकी बाज, फुटके डबे बाहेर काढा. अंगण सारवा, दारं-खिडक्या उघडून वारा खेळू द्या. रिकामा खण मोठा दिसतो.

काय करू नये? कर्ज काढून नवी फरशी किंवा भारी रंग लावू नका. घेणारा बहुधा जागेसाठी घेतो आणि पुढे स्वतःच्या मनासारखं बांधतो. तसंच भिंतीची चीर गिलाव्याखाली दडवू नका. विकणाऱ्याने, घेणाऱ्याला सहज न दिसणारा आणि आपल्याला ठाऊक असलेला दोष सांगितलाच पाहिजे, असे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 सांगते. आणि गावात तोंड दाखवायचं असतं, हेही विसरू नका.

शेवटी, इसार लेखी घ्या. एकूण रक्कम, मुदत आणि चतुःसीमा त्यात येऊ द्या. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. साध्या कागदावरचा व्यवहार दोघांनाही बुडवतो. घर विकण्यात कमीपणा नाही. पण आजोबांनी एकेक खण करून बांधलेलं घर जाताना त्याचं मोल पुरतं पदरात पडलं पाहिजे.