एका ‘आणि’ची किंमत

कापसाच्या हंगामात विदर्भात किंवा खानदेशात गेलात, तर जिनिंगचा कारखाना अवश्य पाहा. तेथे कापसातील सरकी वेगळी काढून रुई मोकळी करतात. ‘जिन’ हे ‘एंजिन’ या शब्दाचेच आखूड रूप. अशाच एका जिनच्या मालकीसाठी इलाय व्हिटनी या अमेरिकन संशोधकाला कित्येक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. असे का व्हावे?

व्हिटनीचा जन्म १७६५ चा. येल येथील शिक्षण संपवून तो १७९२ मध्ये दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात गेला. तेथील आखूड धाग्याच्या कापसाची सरकी तंतूंना घट्ट चिकटलेली असे. ती हाताने सोडवता सोडवता माणसाचा दिवस जाई आणि रुई मिळे जेमतेम एक पौंड.

व्हिटनीने १७९३ मध्ये यावर तोड काढली. एका लाकडी लाटेवर त्याने तारेचे आकडे बसवले. लाट फिरली की आकडे कापसाचे तंतू पकडून अरुंद फटींतून पलीकडे ओढत. सरकी जाडी, म्हणून ती फटीच्या अलीकडेच राही. मग उलट दिशेने फिरणारा ब्रश आकड्यांवरची रुई झाडून घेई. घोडा जुंपला तर या यंत्राने पन्नासपट काम होते, असे व्हिटनीने वडिलांना कळवले होते.

१४ मार्च १७९४ रोजी त्याला या यंत्राचे पेटंट, म्हणजेच एकस्व मिळाले. एकस्व हा एक करारच असतो. संशोधकाने आपली युक्ती उघड करायची आणि सरकारने ठरावीक काळ तिचा हक्क त्यालाच द्यायचा. त्या वेळी ही मुदत चौदा वर्षांची होती.

पण अडचण यंत्राच्या साधेपणातच होती! एकदा पाहिले की कोणताही लोहार-सुतार तसे यंत्र बनवू शके. शिवाय व्हिटनी आणि त्याचा भागीदार फिनिअस मिलर यंत्रे विकत नसत. ते स्वतः सरकी काढून देत आणि रुईचा सुमारे दोन पंचमांश भाग मोबदला म्हणून ठेवीत. शेतमालकांना हे जाचक वाटले. त्यातच १७९५ मध्ये व्हिटनीचा न्यू हेवन येथील कारखाना जळाला. मग काय, नकली यंत्रे जागोजाग फिरू लागली. कोणी तारेऐवजी करवतीसारखे दाते बसवले आणि हे यंत्रच निराळे, असा दावा केला.

व्हिटनी कोर्टात गेला, पण १७९७ मध्ये त्याची हार झाली. कारण काय, माहीत आहे? १७९३ च्या कायद्यात ‘बनवणे’ आणि ‘वापरणे’ या दोन क्रिया ‘आणि’ने जोडल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या तरच तो दोषी, असा अर्थ लावता येत होता. मग दुसऱ्याने बनवलेले यंत्र नुसते वापरणारा सुटणारच! १८०० मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि नुसता वापरही पुरेसा ठरला.

तरीही पुरावा मिळेना. जॉर्जियात हे यंत्र वापरले जाते एवढे सिद्ध करणेही एकदा कठीण झाले. त्याच वेळी कोर्टापासून पन्नास यार्डांच्या आत तशी यंत्रे चालू होती आणि त्यांचा खडखडाट कोर्टाच्या पायरीवर ऐकू येत होता, असे व्हिटनीने पुढे लिहिले आहे.

अखेर १८०७ मध्ये न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी व्हिटनीच्या बाजूने निकाल दिला. दाते बदलले तरी तत्त्व व्हिटनीचेच, असे त्यांनी मानले. पण तोवर एकस्वाची मुदत संपत आली होती. दक्षिण कॅरोलायना राज्याने ५०,००० डॉलर मान्य केले होते, परंतु बराचसा पैसा खटल्यांतच गेला. मुदत वाढवण्याची विनंती अमेरिकन काँग्रेसने १८१२ मध्ये नाकारली.

या यंत्राची आणखी एक किंमत होती, आणि ती व्हिटनीने भरली नाही. सरकी झपाट्याने निघू लागताच कापसाची लागवड अफाट वाढली. ती पिकवण्यासाठी राबवले जात होते गुलाम. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये ते सुमारे ४० लाख झाले. त्यांच्या श्रमांचा मोबदला मागायला त्यांना कोणतेच कोर्ट खुले नव्हते.

आता तुम्हीच विचार करा. युक्ती व्हिटनीची, गरज शेतकऱ्यांची. मोबदला किती असता, तर दोघांनाही तो न्याय्य वाटला असता? वर्गात दोन गट करून यावर अवश्य चर्चा करा. आणि हो, कायद्याचे वाक्य लिहिताना ‘आणि’ व ‘किंवा’ जपून वापरा!