होडी खांद्यावर

मंडळी, माणूस होडीत बसतो, हे आपण नेहमी पाहतो. पण कधी होडीच माणसाच्या खांद्यावर बसते, असे सांगितले तर? थट्टा नाही, खरी गोष्ट आहे.

अमेरिका आणि कॅनडा हे शेजारी देश. त्यांच्या सीमेवर, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मोठे रान आहे. त्याचे नाव बाउंडरी वॉटर्स. त्यात हजाराहून अधिक तळी आहेत. १९७८ सालच्या कायद्याने बहुतेक तळ्यांवर यंत्राच्या होडीला बंदी आहे. तेव्हा लोक वल्हे मारीत फिरतात. त्यांच्या निमुळत्या होडीला कनू म्हणतात.

ही होडी मूळची तिथल्या जुन्या रहिवाशांची. त्यांत ओजिब्वे लोक नावाजलेले कारागीर. आपल्याकडे पूर्वी भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहीत. त्याच जातकुळीचे झाड तिकडे आहे. आपण सालीवर अक्षरे लिहिली, त्यांनी सालीची होडी केली! आत हलक्या लाकडाच्या बरगड्या, झाडाच्या मुळांनी घातलेली शिवण, सांध्यांवर चिकट राळ. खिळा एकही नाही.

एवढी हलकी होडी कशाला? तर एक तळे संपते आणि दुसरे रानापलीकडे असते. मग उतरायचे आणि होडी उलटी करून उचलायची. तिच्या मधोमध बैलाच्या जुवासारखे आडवे लाकूड असते. ते खांद्यांवर घ्यायचे अन् चालू लागायचे. आता केव्हलर नावाच्या चिवट धाग्याच्या होड्या निघाल्या आहेत. त्यांचे वजन सुमारे २० किलो.

पाणी संपले की उतरावे, हे कुणालाही कळते. पाणी असूनही उतरावे, यात खरे शहाणपण आहे. नदी खडकांतून खळाळत धावते, तिथे जाणता माणूस आधीच काठाला लागतो. चालत पुढे जाऊन पाणी पाहतो. खात्री नसली तर होडी खांद्यावर! त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. तरंगते जाकीटही तो अंगात घालतो. होडीत नुसते ठेवलेले जाकीट बुडत्याच्या काय कामाचे?

आम्ही मास्तर होतो त्या गावी एकदा बाजाराच्या दिवशी नदीला पूर आला. नावाडी नको नको म्हणत होता. लोक त्याला म्हणाले, "घाबरलास काय रे?" त्याने होडी घातली. चार माणसं गेली. त्यांत आमच्या चौथीतला एक मुलगा होता. दोन दिवसांनी पूर ओसरला. बाजार तर पुढच्या आठवड्यालाही होताच.

म्हणून सांगतो, नावाडी 'नको' म्हणाला तर त्याला हिणवू नका. मुकाट्याने घरी परता.

आता सांगा पाहू :
१. कनूला जू कशासाठी असते?
२. तुमच्या नदीवर धोक्याच्या जागा कोणत्या? त्यांची नावे पाटीवर लिहा.